एक उत्पादन, अनेक टीम: समन्वयाची घडी कशी बसवावी

काही वर्षांपूर्वी मी ज्या सॉफ्टवेअर उत्पादनावर काम करत होतो, त्यावर पुण्यात चार टीम होत्या. चारही टीमचे दोन आठवड्यांचे स्प्रिंट (कामाचे ठरावीक कालखंड) वेळेवर संपत होते, बोर्डावरची कार्डे ‘पूर्ण’च्या रकान्यात जात होती आणि दर शुक्रवारी वरिष्ठांना जाणाऱ्या अहवालात चारही ओळी हिरव्या असत. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस सगळ्यांचा कोड पहिल्यांदाच एकत्र आणला गेला, तेव्हा एक साधा व्यवहारसुद्धा सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाईना. पुढचे पाच आठवडे आम्ही नवे काहीही न बनवता फक्त सांधे जुळवत बसलो. अनेक टीमचा समन्वय झाला की नाही, हे बैठकांच्या इतिवृत्तांवरून ठरत नाही. रोज जोडल्या जाणाऱ्या आणि रोज चालवून पाहिल्या जाणाऱ्या उत्पादनावरून ते ठरते, हे मला तेव्हा पक्के कळले. पुढच्या सगळ्या पायऱ्या मी याच कसोटीवर मांडल्या आहेत.

चर्चा हवेत राहू नये म्हणून लेखभर एकच काल्पनिक उदाहरण घेतो. एका वित्तसंस्थेचे गृहकर्जाचे ऑनलाइन उत्पादन आहे. ग्राहक अर्ज भरतो, त्याची केवायसी होते, सिबिल स्कोअर आणि उत्पन्न पाहून पात्रता ठरते, करारावर ई-साइन (ऑनलाइन स्वाक्षरी) होते, रक्कम वितरित होते आणि नंतर बँक खात्यातून दरमहा हप्ता वळता होतो. या कामावर ५ टीम असून प्रत्येकीत सरासरी ९ माणसे आहेत. आता व्यवसाय विभागाला ‘सहअर्जदार’ हवा आहे, म्हणजे पती-पत्नींना किंवा वडील-मुलाला मिळून कर्ज घेता यावे. मागणी एका वाक्याची आहे, पण ती पाचही टीमच्या दारातून जाते.

टीमची संख्या आधी तपासावी

समन्वयाचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे समन्वयाची गरजच कमी करणे. ५ माणसांमध्ये परस्पर संवादाच्या १० जोड्या होतात, ९ माणसांमध्ये ३६ आणि आपल्या उदाहरणातील ४५ माणसांमध्ये ९९०. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसे वाढवली की तो आणखी लांबतो, हे संगणकतज्ज्ञ फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ साली लिहिले ते याच हिशेबामुळे, कारण नव्या माणसाला शिकवण्यात जुन्या माणसाचा वेळ जातो आणि जोड्या मात्र लगेच वाढतात. म्हणून सहावी टीम मागण्यापूर्वी आहे त्या टीमचा वेळ कुठे जातो, हे दोन स्प्रिंट नोंदवून पाहावे. दुसऱ्या टीमच्या उत्तराची, परवानगीची किंवा कोडची वाट पाहण्यात बराच वेळ जात असेल, तर नवी टीम ती वाट आणखी लांबवेल. अशा वेळी दोन टीम एकत्र करून काम कमी हातांत देणे, हा पर्यायही गांभीर्याने विचारात घ्यावा.

एक बॅकलॉग आणि निर्णय देणारी एक व्यक्ती

स्क्रम (छोट्या टीमनी ठरावीक कालखंडांत काम करण्याची पद्धत) वापरणाऱ्या एकापेक्षा जास्त टीम एकाच उत्पादनावर काम करत असतील, तर त्यांचे उत्पादन-ध्येय, प्रॉडक्ट बॅकलॉग (करायच्या कामांची क्रमवार यादी) आणि प्रॉडक्ट ओनर (त्या यादीचा क्रम ठरवणारी व्यक्ती) एकच असावेत, असे २०२० च्या स्क्रम मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले आहे. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक टीमला स्वतंत्र प्रॉडक्ट ओनर आणि स्वतंत्र बॅकलॉग दिला जातो, आणि तिथेच फाटाफूट सुरू होते. केवायसी टीमच्या यादीत सहअर्जदार अकराव्या क्रमांकावर असतो, अर्ज टीमच्या यादीत पहिल्या, आणि हप्ते टीमच्या यादीत तो नसतोच. प्रत्येक यादी आपापल्या जागी शहाणपणाची असते, तरीही ग्राहकाला सहा महिने काही मिळत नाही.

पाचही याद्या एकत्र करून एकच क्रमवार यादी करावी. दोन कामांना ‘सर्वोच्च प्राधान्य’ हे एकच लेबल लावण्यापेक्षा पहिले कोणते आणि दुसरे कोणते हे ठरवावे, कारण दोन टीममध्ये वाद झाला की तो क्रमांकच निकाल देतो. एका माणसाला ४५ जणांच्या सर्व शंकांची उत्तरे देणे शक्य नाही, हा आक्षेप खरा आहे. त्यावर मला पटलेला उपाय असा: क्रम ठरवण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे ठेवावा आणि तपशील समजावण्याचे काम टीमनी थेट जाणकारांकडून करून घ्यावे. पात्रतेचे नियम क्रेडिट विभागातील माणसाने टीमला समोरासमोर सांगितले, तर प्रॉडक्ट ओनरला मधला निरोप्या व्हावे लागत नाही आणि निरोपात होणारी मोडतोडही टळते.

टीमची विभागणी कोणत्या रेषेवर करावी

संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ साली मांडलेले निरीक्षण आजही लागू पडते: एखादी संस्था जी रचना घडवते, त्या रचनेत त्या संस्थेच्या संवादाचा आराखडाच उमटतो. आपल्या पाच टीम अर्ज, केवायसी, पात्रता, करार-वितरण आणि हप्ते अशा घटकांनुसार पाडल्या, तर सॉफ्टवेअरचेही पाच तुकडे होतील, आणि ग्राहकाची प्रत्येक गरज पाच तुकड्यांतून जात असल्याने प्रत्येक कामात चार सांधे येतील.

दुसरी पद्धत अशी, की टीम ग्राहकाच्या गरजेनुसार पाडाव्यात: एक टीम पगारदार अर्जदारांचा संपूर्ण प्रवास पाहील, दुसरी स्वयंरोजगार असलेल्यांचा, तिसरी कर्ज सुरू झाल्यानंतरची सेवा. अशा टीमला आवश्यक त्या प्रत्येक घटकात बदल करण्याची मुभा असते. यात शिकावे लागते जास्त आणि सुरुवातीचे दोन-तीन महिने वेग घटलेला दिसतो. तो काळ सोसण्याची तयारी वरिष्ठांकडून आधीच वदवून घ्यावी, नाहीतर सहाव्या आठवड्यात जुनी रचना परत येते. सगळेच एका फटक्यात बदलण्याचीही गरज नाही. हप्ते वळते करण्याचा भाग बँकांशी व्यवहार करतो, त्यात चूक महागात पडते आणि त्याचे ज्ञान मोजक्या लोकांकडे असते. असा एखादा अवघड घटक स्वतंत्र टीमकडे ठेवणे योग्यच आहे. बिल्ड (कोडपासून चालणारे सॉफ्टवेअर तयार करणे), चाचणी-परिसर आणि देखरेखीची साधने पुरवणारी प्लॅटफॉर्म टीमही उपयोगी ठरते. तिने मात्र इतरांना स्वतःचे काम स्वतः करता येईल अशी साधने द्यावीत. प्रत्येक डिप्लॉयमेंटसाठी (नवा कोड सर्व्हरवर चढवण्यासाठी) तिच्याकडे तिकीट, म्हणजे विनंती, टाकावे लागत असेल, तर अडथळा फक्त जागा बदलून बसला आहे.

‘पूर्ण’ची एकच व्याख्या, स्प्रिंटची एकच तारीख

एका टीमसाठी ‘पूर्ण’ म्हणजे कोड लिहून झाला, दुसरीसाठी टेस्टरने पाहिला, तिसरीसाठी स्टेजिंगवर (ग्राहकांपर्यंत जाण्याआधीच्या चाचणी-परिसरात) गेला, असे असेल तर ‘आमचे झाले आहे’ या वाक्याला काहीच अर्थ उरत नाही. सर्व टीमसाठी एक किमान व्याख्या लिहून काढावी. आपल्या उदाहरणात ती अशी असू शकेल: कोड मेन ब्रँचमध्ये (सर्वांच्या सामायिक मुख्य प्रतीत) मर्ज झाला, म्हणजे मिसळला गेला आहे, दुसऱ्या टीमच्या कोडसह संपूर्ण प्रवासाची स्वयंचलित चाचणी उत्तीर्ण झाली आहे, स्टेजिंगवर प्रत्यक्ष चालवून पाहिले आहे, लॉग (नोंदी) आणि अलर्ट (इशारे) लावले आहेत, आणि एपीआयचे (घटकांनी एकमेकांशी बोलण्याच्या ठरलेल्या पद्धतीचे) वर्णन अद्ययावत आहे. एखाद्या टीमला यापेक्षा कडक नियम हवे असतील तर खुशाल ठेवावेत, सैल ठेवता येणार नाहीत. ही व्याख्या पहिल्या दिवशी कोणत्याच टीमला पेलणार नाही. जे आज पेलत नाही त्याची यादी भिंतीवर लावावी आणि दर स्प्रिंटला त्यातली एक बाब व्याख्येत उचलून घ्यावी.

सर्व टीमचा स्प्रिंट एकाच दिवशी सुरू होऊन एकाच दिवशी संपावा. एकीचा बुधवारी आणि दुसरीचा पुढच्या सोमवारी संपत असेल, तर संयुक्त नियोजनाला आणि संयुक्त आढाव्याला समान दिवसच सापडत नाही. स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराचा टीमने केलेला अंदाज) मात्र एकसारखे करण्याच्या फंदात पडू नये, त्यातून टीमची तुलना सुरू होते आणि आकडे फुगतात.

संयुक्त रिफाइनमेंट: खरे काम इथे होते

रिफाइनमेंट म्हणजे पुढची कामे आधीच समजून घेऊन फोडणे. माझ्या अनुभवात सर्वाधिक फायदा देणारी आणि सर्वाधिक दुर्लक्षित अशी ही पायरी आहे. नियोजनाच्या दिवशी डिपेंडन्सी (दुसऱ्या टीमच्या कामावरचे अवलंबित्व) सापडली तर उशीर झालेला असतो. ती त्याआधी एक-दोन स्प्रिंट सापडली पाहिजे. म्हणून प्रत्येक स्प्रिंटच्या मध्यावर सर्व टीममधील प्रत्येकी दोघे-तिघे आणि प्रॉडक्ट ओनर यांनी दोन तास एकत्र बसून पुढची मोठी कामे फोडावीत. येणारी माणसे प्रत्यक्ष कोड लिहिणारी आणि चाचणी करणारी असावीत, आणि ती दर वेळी तीच नसावीत.

सहअर्जदाराचे काम फोडण्याचा चुकीचा मार्ग चटकन सुचतो: अर्ज टीम नवा फॉर्म करेल, केवायसी टीम दुसऱ्या व्यक्तीची पडताळणी करेल, पात्रता टीम दोन उत्पन्नांची बेरीज करेल, आणि शेवटी सगळे जोडू. यात पहिले तुकडे स्वतंत्रपणे कोणाच्याच उपयोगाचे नाहीत आणि सर्व धोका शेवटच्या जोडणीत साठतो.

त्याऐवजी काप उभा घ्यावा. पहिला काप असा: दोघेही पगारदार असलेले पती-पत्नी, दोघांचे पॅन आणि आधार उपलब्ध, हप्ता मुख्य अर्जदाराच्याच खात्यातून जाणार, पात्रता ठरवताना फक्त मुख्य अर्जदाराचे उत्पन्न धरले जाणार, पण करारावर दोघांची ई-साइन होणार. यात हप्ते टीमला काहीच करावे लागत नाही आणि पात्रता टीमला जवळजवळ काहीच नाही. पाचऐवजी तीन टीमचा सहभाग पुरतो, आणि तरीही ज्या संस्थेला मालमत्तेच्या सहमालकाला कर्जात घेणे बंधनकारक वाटते, तिला हा काप आजच उपयोगी पडतो. दुसऱ्या कापात उत्पन्नांची बेरीज आणि दोन सिबिल स्कोअरपैकी कोणता धरायचा याचा नियम येईल. तिसऱ्यात स्वयंरोजगार असलेला सहअर्जदार, चौथ्यात हप्ता सहअर्जदाराच्या खात्यातून जाण्यासाठी लागणारा ई-मँडेट (खात्यातून हप्ता वळता करण्याची ऑनलाइन परवानगी). सहअर्जदार मध्येच माघार घेतो तेव्हा काय करायचे, हा प्रश्न मात्र पहिल्याच कापात विचारून ठेवावा, कारण त्याचे उत्तर डेटाच्या रचनेवर परिणाम करते.

काप ठरल्यावर प्रत्येक सांध्याचे एक कार्ड करावे आणि त्यावर चार गोष्टी लिहाव्यात: कोणाला हवे, कोणाकडून हवे, नेमके काय हवे, आणि कोणत्या तारखेपर्यंत न मिळाल्यास काम थांबेल. ही कार्डे टीमवार रकाने आणि स्प्रिंटवार ओळी असलेल्या एका मोठ्या फलकावर लावावीत. फलक भरगच्च दिसू लागला तर त्याचा अर्थ समन्वय चांगला चालला आहे असा होत नाही. काम चुकीच्या रेषेवर कापले गेले आहे, असा होतो. अशा वेळी प्रत्येक कार्डाला तीन प्रश्न विचारावेत. काप बदलला तर हा सांधा नाहीसा होईल का? मागणाऱ्या टीमलाच त्या घटकात बदल करता येईल का, ज्याचे पुनरावलोकन मालक टीम करेल? दोन्ही टीममधील एकेक जण आठवडाभर एकाच टेबलाशी बसून हे संपवू शकतील का? तिन्हींची उत्तरे नकारार्थी आली, तरच ते कार्ड डिपेंडन्सी म्हणून फलकावर ठेवावे.

नियोजन दोन भागांत

रिफाइनमेंट नीट झाले असेल तर नियोजन लवकर आटोपते. पहिल्या भागात सर्व टीमचे प्रतिनिधी आणि प्रॉडक्ट ओनर एकत्र येतात, स्प्रिंटचे एक समान ध्येय ठरवतात (‘पगारदार दांपत्याचा अर्ज करारापर्यंत पोहोचतो’ इतके ठोस) आणि बॅकलॉगच्या वरच्या बाबी कोणती टीम घेणार हे आपसात ठरवतात. वाटप व्यवस्थापकाने करू नये. कोणाच्या हाताला किती काम आहे, हे टीमलाच अधिक चांगले ठाऊक असते. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटसाठी दीड तास पुरावा. दुसऱ्या भागात प्रत्येक टीम आपले तपशील आखते, पण ज्या दोन टीमचा सांधा आहे त्यांनी एकाच खोलीत किंवा एकाच कॉलवर बसून आखावे, म्हणजे प्रश्न उठल्याबरोबर उत्तर मिळते. शेवटी १५ मिनिटे पुन्हा सर्वांनी एकत्र येऊन, ठरलेल्या गोष्टींमध्ये विसंगती नाही ना, हे पाहावे.

टीमची सर्व क्षमता नियोजनात भरून टाकू नये. दुसऱ्या टीमचा अनपेक्षित प्रश्न आला तर उत्तर द्यायला कोणाला तरी उसंत हवी. शंभर टक्के भरलेल्या टीमकडून मिळणारे एकच उत्तर म्हणजे ‘पुढच्या स्प्रिंटला बघू’, आणि पाच टीमनी एकमेकींना ते ऐकवले की महिना गेलाच.

रोजचे जोडकाम

आतापर्यंतचे सगळे कागदावरचे होते. उत्पादन खरोखर एक राहते की नाही, हे ठरवणारा भाग हाच आहे.

सर्व टीमनी एकाच मेन ब्रँचवर काम करावे आणि प्रत्येकाने आपला कोड दिवसातून किमान एकदा तिथे मर्ज करावा. दोन-तीन आठवडे स्वतंत्र ब्रँच चालवून मग जोडणे म्हणजे उधारीवर दिवस काढणे होय. जोडण्याचा त्रास ब्रँचच्या वयाबरोबर वाढत जातो. अर्धवट काम मेन ब्रँचमध्ये कसे जाईल, या प्रश्नाचे उत्तर फीचर फ्लॅग हे आहे: कोड तिथे असतो, पण फ्लॅग बंद असल्याने ग्राहकाला दिसत नाही. सहअर्जदाराचा फ्लॅग पाचही घटकांत एकाच नावाचा असावा, त्याचा मालक ठरलेला असावा आणि तो काढून टाकण्याची तारीख पहिल्याच दिवशी लिहिलेली असावी. फ्लॅग पडून राहू देणे किती महागात पडते, हे १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या दलाली संस्थेने अनुभवले. जुन्या, बंद पडलेल्या कामासाठी वापरलेला फ्लॅग नव्या कामासाठी पुन्हा वापरला गेला, ८ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड पोहोचलाच नव्हता, तिथे जुना कोड जागा झाला, आणि सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या घरात नुकसान झाले.

प्रत्येक मर्जनंतर बिल्ड आणि चाचण्या आपोआप चालाव्यात. मेन ब्रँच लाल झाली, म्हणजे बिल्ड किंवा चाचणी नापास झाली, तर नियम साधा ठेवावा: तोडणाऱ्याने १५ मिनिटांत दुरुस्त करावे, जमत नसेल तर बदल मागे घ्यावा आणि मग शांतपणे कारण शोधावे. मागे घेण्यात कोणाची अप्रतिष्ठा नाही, हे टीमप्रमुखांनी स्वतःचे बदल मागे घेऊन दाखवावे लागते. एका टीमच्या लाल बिल्डमुळे ४५ जण थांबतात, याचे भान सर्वांना असावे म्हणून बिल्डची स्थिती सर्वांना दिसेल अशा पडद्यावर ठेवणे चांगले.

दोन घटकांमधील एपीआयबाबत तोंडी समजुतीवर विसंबू नये. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ नाहीसे झाले, कारण एका गटाच्या सॉफ्टवेअरने आकडे पाउंड-फोर्स-सेकंदांत दिले आणि दुसऱ्या गटाने ते न्यूटन-सेकंदांत आहेत असे धरले. दोन्हीकडची गणिते आपापल्या जागी बरोबर होती, फक्त सांधा चुकला. आपल्याकडे हीच चूक रक्कम रुपयांत की पैशांत, आणि व्याजदर ८.५ की ०.०८५, या रूपात येते. यावर उपाय म्हणजे कॉन्ट्रॅक्ट चाचण्या. पात्रता टीमला केवायसीच्या उत्तरातून नेमके कोणते रकाने, कोणत्या प्रकारात हवे आहेत, हे ती चाचणीच्या रूपात लिहून देते आणि ती चाचणी केवायसी टीमच्या पाइपलाइनमध्ये (बिल्ड आणि चाचण्यांच्या स्वयंचलित साखळीत) चालते. केवायसी टीमने नकळत रकान्याचे नाव बदलले, तर तिची स्वतःची बिल्ड त्याच क्षणी थांबते. महिनाभराने स्टेजिंगवर भांडण होत नाही.

डेटाबेसमधील बदल नेहमी तीन टप्प्यांत करावेत. आधी नवा रकाना किंवा तक्ता जोडावा आणि जुना तसाच ठेवावा. मग सर्व टीमचा कोड सावकाश नव्यावर आणावा. कोणीही जुना वापरत नाही याची लॉगवरून खात्री झाल्यावरच तो काढावा. ‘अर्जदार’ हा एकच रकाना होता तिथे ‘अर्जदारांची यादी’ आणताना हा क्रम पाळला, तर पाच टीमना एकाच रात्री डिप्लॉय करण्याची वेळ येत नाही. एकाच रात्री सगळ्यांनी मिळून डिप्लॉय करावे लागणे, हेच घटक एकमेकांत गुंतल्याचे ठळक लक्षण आहे.

स्प्रिंट चालू असताना

प्रत्येक टीमचा रोजचा १५ मिनिटांचा स्क्रम (छोटी बैठक) स्वतंत्र राहू द्यावा. त्यानंतर आठवड्यातून दोन-तीनदा प्रत्येक टीममधील एकाने १५ मिनिटांसाठी एकत्र यावे, ज्याला स्क्रम ऑफ स्क्रम्स म्हणतात. तिथे ‘काल काय केले’ हा पाढा वाचू नये. मागच्या भेटीनंतर आमच्या कामातले काय दुसऱ्याला लागणार आहे, आम्ही कोणासाठी थांबलो आहोत, आणि आम्ही कोणाच्या मार्गात काही ठेवणार आहोत का, एवढ्या तीनच प्रश्नांवर बोलावे. तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. व्यवस्थापक या भेटीचे अध्यक्ष झाले की ती अहवालसभा होते आणि माणसे अडचणी झाकू लागतात, म्हणून तिथे कोड लिहिणारेच असावेत आणि प्रतिनिधी पाळीपाळीने बदलावा.

त्याहून सोपा आणि प्रभावी मार्ग म्हणजे थेट जाऊन बोलणे. ज्या टीमशी सांधा आहे तिच्या रोजच्या स्क्रमला आपल्यातल्या एकाने चार-पाच दिवस मागे उभे राहून ऐकावे. दोन टीमच्या प्रश्नासाठी दोन व्यवस्थापकांना मध्ये घालू नये. टीमप्रमुखांनी स्वतःला सतत विचारावे, की हा निरोप मी पोहोचवण्याऐवजी या दोघांना समोरासमोर बसवता येईल का.

सामायिक घटक ‘सगळ्यांचे’ म्हटले की ते कोणाचेच राहत नाहीत. प्रत्येक सामायिक भागाला एक राखणदार टीम नेमावी. बदल कोणीही करू शकेल, पण पुनरावलोकन राखणदार टीमकडून एका कामकाजाच्या दिवसात मिळाले पाहिजे. हा अवधी लिहून ठरवला नाही, तर पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याच्या विनंत्या) आठवडा-आठवडा पडून राहतात आणि लोक घटकाची नक्कल करून स्वतःकडे ठेवू लागतात.

एकच आढावा, दोन रेट्रो

स्प्रिंटअखेर पाच वेगळे डेमो करू नयेत. एकत्र जोडलेले उत्पादन स्टेजिंगवर उघडून, एका दांपत्याचा अर्ज पहिल्या पडद्यापासून ई-साइनपर्यंत नेऊन दाखवावा. स्लाइडवर दाखवलेले काम पूर्ण झालेले मानू नये. क्रेडिट, कायदा आणि ग्राहकसेवा या विभागांतील माणसांना प्रत्यक्ष माउस हातात द्यावा. शाखेत बसून रोज अर्जदारांशी बोलणारा कर्मचारी दहा मिनिटांत जे सांगतो, ते आम्हाला महिनोन्महिने सुचलेले नसते.

टीमची स्वतःची रेट्रो (स्प्रिंटमधल्या कामपद्धतीचा मागोवा) झाल्यावर, सर्व टीममधील प्रतिनिधी, स्क्रम मास्टर (स्क्रम नीट पाळले जाते ना हे पाहणारी व्यक्ती), प्रॉडक्ट ओनर आणि व्यवस्थापक यांची एक संयुक्त रेट्रो घ्यावी. चाचणी-परिसर कमी पडणे, सुरक्षा विभागाची मंजुरी रखडणे, यांसारखे प्रश्न कोणत्याही एका टीमच्या हातातले नसतात. ते इथेच येतात. इथून दर वेळी एकच सुधारणा निवडावी, तिला नाव आणि तारीख लावावी, आणि ती त्याच समान बॅकलॉगमध्ये टाकावी, म्हणजे तिला वेळ मिळतो.

काय मोजावे

टीमचा वेग एकमेकांशी ताडून पाहू नये आणि बेरीज करूनही पाहू नये. उत्पादनाच्या पातळीवर चार गोष्टी पुरेशा आहेत: प्रॉडक्शनवर (ग्राहक वापरतात त्या प्रणालीवर) किती वेळा रिलीज होते, कोड मर्ज झाल्यापासून ग्राहकापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, किती रिलीजनंतर बिघाड होतो, आणि बिघाड दुरुस्त व्हायला किती वेळ लागतो. यात मी पाचवी गोष्ट जोडतो: एखादे काम दुसऱ्या टीमची वाट पाहत किती दिवस थांबले होते. बोर्डावर ‘थांबले’ असा रकाना ठेवला की हा आकडा विनासायास मिळतो. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेल्या सूत्रानुसार, पूर्ण होण्याचा दर तोच असेल तर एकाच वेळी हाती असलेली कामे दुप्पट झाल्यावर प्रत्येक कामाला लागणारा सरासरी काळही दुप्पट होतो. त्यामुळे ‘थांबले’ रकाना भरू लागला की नवे काम उचलण्याआधी तो रिकामा करावा.

तयार चौकटींविषयी थोडेसे

अनेक टीमनी एकत्र काम करण्यासाठी काही तयार चौकटी मिळतात. लेस (LeSS) ही चौकट २ ते ८ टीमसाठी आहे आणि ती कमीत कमी भूमिका ठेवते. वर मांडलेल्या बऱ्याच गोष्टी तिच्याशी जुळतात. २०१५ मध्ये आलेली नेक्सस साधारण ३ ते ९ टीमसाठी असून तिच्यात जोडकामाची जबाबदारी वाहणारी एक स्वतंत्र टीम असते. सेफ (SAFe) या चौकटीमध्ये ५० ते १२५ माणसांचा एक गट ८ ते १२ आठवड्यांचे नियोजन सहसा दोन दिवस एकत्र बसून करतो. मोठ्या, नियमनाखालील संस्थांमध्ये तिच्या ठरलेल्या तारखा सोयीच्या वाटतात, पण भूमिका आणि समारंभ भराभर वाढण्याचा धोकाही तिच्यातच अधिक आहे. ५ टीमसाठी मी लहान चौकटीपासून सुरुवात करण्याच्या मताचा आहे. कमी पडले तर भर घालता येते, आणि एकदा निर्माण केलेले पद काढणे फार अवघड असते.

अंतर, घड्याळ आणि सण

तीन टीम पुण्यात, एक लंडनमध्ये आणि एक न्यूयॉर्कमध्ये असेल, तर आधी सांधे कमी करण्याचा प्रयत्न दुप्पट करावा, कारण लंडनशी साडेचार किंवा साडेपाच तासांचा आणि न्यूयॉर्कशी साडेनऊ किंवा साडेदहा तासांचा फरक राहतो. अमेरिकेचे घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जाते आणि ब्रिटनचे त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी. त्या मधल्या दोन-तीन आठवड्यांत बैठकांच्या वेळा हमखास चुकतात, म्हणून त्या आधीच कॅलेंडरवर दुरुस्त कराव्यात. रात्री उशिराचा कॉल नेहमी पुण्यानेच सोसायचा, ही प्रथा मोडून त्रास पाळीपाळीने वाटून घ्यावा. निर्णय कॉलवर झाला तरी तो त्याच दिवशी चार ओळींत लिहून सर्वांना दिसेल अशा जागी ठेवावा, म्हणजे झोपलेल्या टीमला सकाळी त्याचा आधार मिळतो. गणपती, दिवाळी, नाताळ आणि नोव्हेंबरमधील थँक्सगिव्हिंग हे सर्व एकाच कॅलेंडरवर वर्षाच्या सुरुवातीला मांडावेत आणि दिवाळीच्या स्प्रिंटमध्ये पुण्यातील टीमवर अवलंबून असणारे कोणतेही कार्ड ठेवू नये.

चालू गोंधळातून सुरुवात

आधीच पाच टीम, पाच याद्या आणि महिन्या-महिन्याच्या ब्रँच असतील, तर सर्व पायऱ्या एकदम हाती घेऊ नयेत. पहिल्या आठवड्यात एकच काम करावे: ग्राहकाचा एक सर्वांत साधा प्रवास निवडून त्याची सुरुवातीपासून शेवटपर्यंतची स्वयंचलित चाचणी लिहावी आणि ती दर रात्री सर्व टीमच्या ताज्या कोडवर चालवावी. ती बहुधा पहिल्या रात्री नापास होईल. सकाळी ती नेमकी कोणत्या दोन घटकांच्या मध्ये अडकली ते पाहावे, त्या दोन टीममधील एकेकाला त्याच दिवशी शेजारी बसवावे, आणि रात्री पुन्हा चालवावी. दुसऱ्या आठवड्यापासून स्प्रिंटच्या तारखा जुळवाव्यात, तिसऱ्यात याद्या एकत्र करण्यास घ्याव्यात. टीमची फेरविभागणी मात्र ती रात्रीची चाचणी सलग दहा दिवस हिरवी राहीपर्यंत हाती घेऊ नये, कारण तोवर कोणते सांधे खरोखर दुखतात याची यादी त्या दहा दिवसांच्या नोंदींतूनच तयार झालेली असते आणि नवी रेषा कुठून काढायची ते तीच दाखवते.